शुगर मृत्यूच्या कारणांत लिहिलीत, वॉर्डातल्या चार्टवर कधी लिहिणार?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य
आणि आरोग्य सेवेतले सर्व संबंधित अधिकारी

विषय: कोरोना, फ्लू, न्यूमोनियासाठी दाखल होणाऱ्या रुग्णांची वॉर्डातली शुगर तपासणी व उपचार यांबाबत

महोदय,

2020 साली रोज संध्याकाळी आरोग्य विभागाचं पत्रक यायचं. आज इतके नवे रुग्ण, इतके बरे झाले, इतके गेले. आणि मृत्यूच्या आकड्याखाली एक ठरलेलं वाक्य असायचं: यांपैकी इतक्या जणांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे अतिजोखमीचे आजार होते. वाक्य खोटं नव्हतं. पण रोज वाचून वाचून घराघरांत एक समजूत पक्की झाली, की गेलेला माणूस मुळात शुगरवाला होता, म्हणजे तो जायचाच होता. ही समजूत रुग्णालयांतही शिरली. आम्हा परिचारिकांत शिरली, डॉक्टरांत शिरली, आणि गेल्या काही वर्षांतला कारभार बघता आपल्या खात्यातही ती मुक्कामाला राहिली आहे असं मला वाटतं. माझी तक्रार त्या समजुतीविरुद्ध आहे.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. दोन्ही लाटांत कोविड वॉर्डात ड्यूटी केली. माझा थोरला भाऊ, एसटीतून निवृत्त झालेला, जुना मधुमेही, एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्याच एका रुग्णालयात गेला. आणि या पावसाळ्यात माझी वहिनी न्यूमोनियाने दाखल झाली. तिलाही शुगर आहे. तिच्या उशाशी बसून जे पाहिलं त्यानंतर गप्प राहणं मला जमत नाही. रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही. एका जागेचा प्रश्न असता तर तिथल्या साहेबांना भेटून मोकळी झाले असते.

वहिनीला ऑक्सिजन लावला होता, सकाळी आठला स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळायचं. शुगर फक्त पहाटे सहाला, उपाशीपोटी बघायचे. चार्टवर 138. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, शुगर कंट्रोलमध्ये आहे. दुपारी जेवणानंतर तिची जीभ कोरडी पडली, सारखं पाणी मागायला लागली, म्हणून भाच्याने घरून आणलेल्या ग्लुकोमीटरवर बघितलं तर 386. सिस्टरला सांगितलं. ती मुलगी चांगली होती, धावत आली, पण तिने जे सांगितलं ते ऐकून मी 2021 सालात परत गेले: "मावशी, स्ट्रिप संपल्यात. इंडेंट टाकलंय." म्हणजे स्टोअरकडे मागणीचा कागद गेलाय. दोन सिस्टर आणि सगळा वॉर्ड भरलेला. त्या मुलीवर माझा काडीचाही राग नाही.

आता मूळ मुद्दा. मधुमेह असलेल्या माणसाला कोरोना जड जातो, हे मी नाकारत नाही. इंग्लंडमध्ये 1 मार्च ते 11 मे 2020 या काळात रुग्णालयांत कोरोनाने गेलेल्यांची सगळी नोंद तपासली गेली. गेलेल्यांत साधारण एक तृतीयांश मधुमेही होते. वय, लिंग, गरिबी, वंश हे सगळं हिशेबात धरल्यावरही टाइप 2 मधुमेह असलेल्यांना मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आणि टाइप 1 असलेल्यांना साडेतीन पट निघाला. पण रुग्ण दारात येतो तेव्हा त्याचं वय आपण बदलू शकत नाही, वीस वर्षांत झिजलेली किडनी एका रात्रीत नीट करू शकत नाही, वजन उतरवू शकत नाही. त्या क्षणापासून पुढे आपल्या हातात असतं ते वॉर्डातलं शुगरचं माप. तेवढंच खरं आपलं, आणि नेमकं तेच आपण सोडून दिलं.

फ्रान्समध्ये मार्च 2020 मध्ये 53 रुग्णालयांत दाखल झालेल्या 1,317 मधुमेही रुग्णांचा अभ्यास झाला. सातव्या दिवसापर्यंत दहातला एक गेला होता. त्यात दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी आणि त्या आठवड्यातली गंभीर अवस्था यांचा संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो वजनाशी, वयाशी आणि मधुमेहाच्या जुन्या गुंतागुंतींशी. इंग्लंडच्या दुसऱ्या एका अभ्यासात जुन्या शुगरचाही संबंध दिसला, त्यामुळे घरी पथ्य पाळणं फुकट आहे असं कोणी समजू नये. पण चीनच्या हुबेई प्रांतातले आकडे बघा. दाखल असताना ज्यांची शुगर 70 ते 180 च्या दरम्यान राहिली, त्यांच्यात मृत्यू 1.1 टक्के. ज्यांची त्याच्या वर गेली, त्यांच्यात 11 टक्के. अमेरिकेत 88 रुग्णालयांतल्या 1,122 रुग्णांत ज्यांना मधुमेह होता किंवा ज्यांची शुगर वॉर्डात वाढलेली राहिली, त्यांच्यात मृत्यू 28.8 टक्के, बाकीच्यांत 6.2 टक्के. आणि त्यातली मला सर्वात जास्त टोचणारी गोष्ट अशी, की ज्यांना आधी मधुमेह असल्याचं कुठेच नोंदलेलं नव्हतं पण दाखल झाल्यावर शुगर 180 च्या वर राहिली, त्यांच्यातले 41.7 टक्के गेले. माहीत असलेल्या मधुमेह्यांपेक्षा कितीतरी जास्त.

कोणी हुशार अधिकारी म्हणेल, की जो जास्त आजारी त्याची शुगर आपोआप चढते, मग शुगरने मारलं की आजाराने? बरोबर आहे. हे निरीक्षणातले अभ्यास आहेत, त्यांवरून सगळं सिद्ध होत नाही. पण शुगर तीनशेच्या वर राहिली की पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं, रक्तात गुठळ्या व्हायची शक्यता वाढते, लघवीवाटे पाणी जाऊन माणूस सुकतो, हे आम्ही नर्सिंगला शिकतो. शुगर वाढली ती आजारामुळे की स्टिरॉइडमुळे, याचा वाद घालायलासुद्धा आधी ती मोजलेली असावी लागते.

माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आणि सर्वात मोठी तक्रार वेळेची. स्टिरॉइडने कोरोनात जीव वाचले, यात शंका नाही. इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन, दिवसाला 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं गेलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत 28 दिवसांतले मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 वर आले. ऑक्सिजनवर असलेल्यांनाही फायदा झाला. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. हे जुलै 2020 मध्ये छापून आलेलं होतं. तरी 2021 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे ऑक्सिजन 97 असलेली माणसं तापाच्या तिसऱ्या दिवशी बाहेरून स्टिरॉइड घेऊन यायची. कोणाचा डोस दुप्पट, कोणाचा तीन आठवडे चालू, आणि शुगर एकदाही बघितलेली नाही. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे 2021 मध्ये याबद्दल जाहीरपणे सावध केलं होतं. तोवर उशीर झाला होता.

स्टिरॉइडची शुगर फसवी असते. सकाळी डोस दिला की ती जेवणानंतर चढते, दुपारपासून रात्रीपर्यंत वर राहते आणि पहाटेपर्यंत बरीच उतरते. म्हणजे जो एकच आकडा आपण घेतो तो दिवसातला सर्वात कमी आकडा असतो, आणि तोच वाचून राउंड पुढे सरकतो. वहिनीचे 138 आणि 386 एकाच दिवसाचे आहेत. सकाळ, दोन्ही जेवणांच्या आधी आणि झोपताना असं दिवसातून चार वेळा बघा, हा काही नवा शोध नाही. दाखल रुग्णाला 180 च्या वर शुगर टिकली की इन्सुलिन सुरू करावं आणि 140 ते 180 मध्ये ठेवायचा प्रयत्न करावा, हे अनेक मार्गदर्शनांत सांगितलेलं आहे. आमच्या वॉर्डांत चालते ती स्लायडिंग स्केल: आकडा आला की त्यामागे धावायचं, 250 ला इतके युनिट, 300 ला इतके. उद्याचा विचारच नाही.

दुसरी तक्रार जेवणाची, आणि ती ऐकून साहेब लोक हसतील. पण इन्सुलिन आणि ताट यांची सांगड हा उपचाराचाच भाग आहे. कोविड वॉर्डात जेवणाचा ठेका बाहेरचा होता. इन्सुलिन साडेबाराला टोचायचं, गाडी कधी एकला यायची, कधी अडीचला. पीपीई घालून उभ्या असलेल्या सिस्टरला घामाने चष्म्यातून धड दिसत नसायचं, अशात बेड नंबर अमुकचा रुग्ण गार पडलाय म्हणून हाक यायची. शुगर 48. मग ग्लुकोजची बाटली, मग संध्याकाळी परत 400. सकाळी शुगरवाल्यांनाही तोच साखरेचा चहा, तीच बिस्किटं. आजही वहिनीच्या वॉर्डात मधुमेह्यांसाठी वेगळं ताट नव्हतं. आणि चालू सलाईनकडे बघितलं तर डीएनएस, म्हणजे ग्लुकोजचं सलाईन! शुगर न बघता, शुगरच्याच रुग्णाला.

तिसरी गोष्ट डॉक्टरांनाही पटेल. मधुमेह्याच्या रक्तात आम्ल साठलं, ज्याला कीटोॲसिडोसिस म्हणतात, की तो खोल, जोरजोरात श्वास घेतो. कोविडच्या दिवसांत प्रत्येक दम फुप्फुसाच्याच खात्यात जमा व्हायचा. ऑक्सिजन वाढवा, एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुस किती बिघडलं ते सांगणारा स्कोअर विचारा. लघवीत कीटोन बघायची पट्टी लावायला कोणाला सुचत नसे, आणि सुचलं तरी पट्टी स्टोअरमध्ये नसे. स्कोअर 8 आणि दम मात्र 20 च्या स्कोअरवाल्यासारखा, असे रुग्ण आम्ही पाहिलेत. शुगरच्या काही नव्या गोळ्या अशा आजारपणात बंद कराव्या लागतात, कारण त्यांनी शुगर फार न वाढताही आम्ल साठू शकतं. नातेवाईक मात्र पिशवीतून घरच्या गोळ्या काढून देत राहायचे, कारण त्यांना तसं कोणी सांगितलंच नव्हतं.

चौथी तक्रार सुट्टी झाल्यानंतरची. रुग्णाच्या हातात डिस्चार्ज कार्ड, त्यावर स्टिरॉइड कमी करत न्यायचा तक्ता, आणि शुगरबद्दल एक अक्षर नाही. मग तीन आठवड्यांनी तोच माणूस परत. गाल बधिर, नाकातून काळपट पाणी, एक डोळा बाहेर आल्यासारखा. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. केंद्राने 20 मे 2021 रोजी राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास सांगितलं, आपल्या सरकारने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो घेतला. ही चांगली कामं, मान्य. पण त्यावरच्या ॲम्फोटेरिसिन या औषधाच्या एकेका कुपीसाठी लोक जिल्ह्याजिल्ह्यांत फोन करत असताना, ज्या स्ट्रिपची किंमत चहाच्या कपाएवढी ती वेळेवर न लावल्यामुळे यातले किती जण इथवर पोहोचले, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. गुजरात आणि महाराष्ट्र या आजारात देशात सर्वात पुढे होते.

पाचवी तक्रार माझ्या घरातली आहे. भावाचा आरटीपीसीआर पॉझिटिव्ह होता, नवव्या दिवशी तो गेला. मृत्यूच्या दाखल्यात मूळ कारण लिहिलं: अनियंत्रित मधुमेह, हृदयक्रिया बंद. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 मध्येच लेखी सांगितलं होतं, की कोरोनाने मृत्यू झाल्यास मधुमेहासारखा आजार मूळ कारण म्हणून लिहायचा नाही, तो सोबतचा आजार म्हणून वेगळ्या रकान्यात लिहायचा. ही कागदाची बारीक बाब वाटेल. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 30 जून 2021 च्या निकालानंतर 50 हजार रुपयांचं सानुग्रह साहाय्य ठरलं, तेव्हा वहिनीचा अर्ज आधी परत आला. चाचणीचा रिपोर्ट जोडून जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीपुढे जावं लागलं. ती जाऊ शकली, कारण घरात एक नणंद होती जिला फॉर्म भरता येत होता. पैसे मिळाले. दाखला अजून तसाच आहे.

आणखी एक, थोडक्यात. 15 सप्टेंबर 2020 पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारोदार फिरल्या. ताप बघितला, ऑक्सिजन बघितला, घरात कोणाला शुगर-बीपी आहे ते लिहून घेतलं. उन्हातान्हात, तुटपुंज्या मानधनावर. एवढी मोठी यादी हाताशी असताना त्यातले मधुमेही दाखल झाल्यावर त्यांच्या केसपेपरवर त्या नोंदीचा मागमूस नसायचा. आम्ही परत विचारायचो, "काका, शुगर आहे का?" आणि धाप लागलेला माणूस मान हलवायचा, हो की नाही ते कळायचं नाही.

महोदय, कोरोना ओसरला म्हणून हा विषय संपत नाही. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी उंबरठ्यावरचे निघाले. शेजारच्या गोव्यात प्रमाण 26.4 टक्के, देशात सर्वाधिक. दर पावसाळ्यात फ्लू आणि न्यूमोनियाने वॉर्ड भरतात, स्टिरॉइड वापरलं जातं, आणि पहाटेचा तो एकच आकडा चार्टवर चढतो.

माझ्या मागण्या अशा आहेत:

1. ऑक्सिजन किंवा स्टिरॉइडवर असलेल्या प्रत्येक दाखल रुग्णाची, मधुमेह माहीत असो वा नसो, दिवसातून चार वेळा शुगर बघायचा लेखी आदेश काढा. टीपीआर चार्टवर नाडी, ताप, ऑक्सिजन यांच्या शेजारी शुगरचा छापील रकाना द्या. रकाना छापलेला असला की तो रिकामा ठेवायला सिस्टरचा हात धजत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

2. ग्लुकोमीटर, स्ट्रिप, लॅन्सेट आणि कीटोनच्या पट्ट्या अत्यावश्यक साठ्यात घ्या. साठा संपल्यावर इंडेंट, ही पद्धत बंद करा. नातेवाईकांना स्ट्रिप बाहेरून आणायला सांगावं लागलं तर त्याची नोंद अधिसेविकांकडे व्हावी आणि तिची विचारणा व्हावी.

3. इन्सुलिन देण्याचा साधा, एका पानाचा मराठी तक्ता प्रत्येक वॉर्डात लावा. जेवणाच्या ठेक्यात मधुमेही ताट आणि ताट येण्याची वेळ या अटी घाला, वेळ चुकली तर दंड ठेवा. आणि हे सगळं करायला हात लागतात. परिचारिकांच्या रिक्त जागा न भरता हा आदेश काढलात तर त्याचा कागद होईल, दुसरं काही नाही.

4. वॉर्डात पहिल्यांदाच शुगर वाढलेली सापडली, तर एचबीए1सी करून डिस्चार्ज कार्डावर आकडा लिहा आणि असंसर्गजन्य रोग कक्षाची तारीख देऊनच रुग्णाला घरी सोडा. तारखेला तो आला नाही तर त्या भागातल्या आशाताईंना कळवा, त्या कामाचा वेगळा मोबदला द्या.

5. 2020 आणि 2021 चे कोविड वॉर्डांचे केसपेपर उघडा. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये ते गाठोड्यांत बांधून ठेवलेले होते, आणि मी निवृत्त होईपर्यंत ते मागायला कोणी आलं नाही. दाखल होतानाची शुगर, चौथ्या-पाचव्या दिवसाची शुगर, स्टिरॉइडचा डोस आणि शेवट, एवढे चार रकाने भरले तरी आपल्या माणसांचं आपलं उत्तर मिळेल. नावं गाळून ते लोकांपुढे ठेवा. जिथे शुगर मोजलीच नव्हती, तिथे 'मोजली नाही' असंच लिहा.

6. ज्यांच्या मृत्यूच्या दाखल्यात कोरोनाऐवजी मधुमेह हे मूळ कारण पडलं आहे, त्यांना दुरुस्तीसाठी अर्ज करायची सोपी वाट तालुका पातळीवर द्या. पैशासाठी नाही. त्या कुटुंबांत आजही मुलं म्हणतात, बाबांनी पथ्य पाळलं नाही म्हणून गेले.

आपल्या विभागाने या सहा मागण्यांपैकी कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, हे लेखी जाहीर करावं. अमान्य केलेल्यांचं कारण 'निधी नाही' असं असेल, तर एका जिल्ह्याला वर्षभर किती स्ट्रिप लागतात आणि त्यांना किती खर्च येतो, तो हिशेबही सोबत द्यावा.

आपली,
एक सेवानिवृत्त परिसेविका, मराठवाडा